स्कॉटिश माणूस घुमा नाही : ‘कँटी’ या शब्दाच्या निमित्ताने

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या प्रवासावर आलेला सविस्तर लेख मी मनापासून वाचला. तिथले डोंगर, सरोवरे, पडके किल्ले आणि एडिनबरो शहराची दगडी घरे यांचे त्यातले वर्णन सुरेख आहे, आणि ज्यांना तिकडे जायचे आहे त्यांना त्याचा उपयोगही होईल. मात्र त्याच लेखात ओघात केलेली दोन विधाने मला फार खटकली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान असे की, स्कॉटिश माणूस स्वभावतःच घुमा, खिन्न आणि हसण्याच्या बाबतीत हात आखडता घेणारा असतो. दुसरे असे की, तिथले लोक जिला स्कॉट्स म्हणतात ती काही निराळी भाषा नसून इंग्रजीचाच गावठी, मोडकातोडका उच्चार आहे. मी नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, वृद्धांच्या एका निवासी केंद्रात काम करते. माझा सारा दिवस याच लोकांच्या सहवासात आणि त्यांचीच भाषा ऐकण्यात जातो. या दोन्ही विधानांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. लेखकाच्या कानावर या लोकांची इंग्रजी तेवढी पडली, आणि परक्या भाषेत माणूस जपून, मोजके बोलतो. त्यावरूनच त्यांच्या स्वभावाचा निवाडा झाला.

स्कॉट्स भाषेत ‘कँटी’ असा एक शब्द आहे. कोशात त्याचा अर्थ आनंदी, उत्साही, प्रसन्न असा दिलेला असतो, पण या तीनपैकी कोणत्याही एका मराठी शब्दाने त्याचे पुरते काम भागत नाही. नुसत्या आनंदी माणसाला कँटी म्हणत नाहीत, कारण आनंदी माणूस एका जागी स्वस्थ बसलेलाही असू शकतो. कँटी माणसाच्या आनंदाला हालचाल असते, बोलण्यात तजेला असतो, डोळ्यांत चमक असते, आणि तो आपल्याबरोबर चार जणांना हसते-बोलते करतो. आपण सत्तरी उलटलेल्या पण सकाळी उठून अंगण झाडणाऱ्या, शेजारणीशी थट्टामस्करी करणाऱ्या आजीबाईंना ‘टुणटुणीत’ म्हणतो, तो शब्द मला याच्या सर्वांत जवळचा वाटतो. विशेष म्हणजे हा शब्द घरालाही लावतात. लहानसे, नीटनेटके, उबदार, पाहताक्षणी आत जावेसे वाटणारे घर म्हणजे कँटी घर, अर्थात आपले ‘टुमदार’ घर. माणसाचा टुणटुणीतपणा आणि घराचा टुमदारपणा ज्या भाषेने एकाच शब्दात बसवला, ती बोलणारे लोक घुमे आहेत असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

हा शब्द ‘कँट’ या जुन्या विशेषणापासून आला. तरतरीत, चपळ, उमद्या वृत्तीचा असा त्याचा मध्ययुगीन अर्थ होता, आणि त्याचे नातेवाईक जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील सखल प्रदेशाच्या बोलींमध्ये सापडतात. यॉर्कशायरसारख्या उत्तर इंग्लंडच्या परगण्यांतही तो वापरात होता, तेव्हा तो एकट्या स्कॉटलंडचा आहे असा दावा मी करणार नाही. राजकीय सीमा नंतर आखल्या गेल्या आणि शब्द त्याआधीपासून दोन्ही बाजूंना नांदत होते. लंडनच्या प्रमाण इंग्रजीत मात्र त्याला जागा मिळाली नाही, आणि लंडनला जे ठाऊक नाही ते आपल्याकडेही सहसा पोहोचत नाही.

ज्या परगण्यात मी राहते, त्याच परगण्यातल्या अ‍ॅलोवे गावी २५ जानेवारी १७५९ रोजी रॉबर्ट बर्न्स जन्मला. त्याचा पहिला काव्यसंग्रह ३१ जुलै १७८६ रोजी किल्मार्नॉक या जवळच्याच गावात छापला गेला. प्रती होत्या ६१२ आणि किंमत तीन शिलिंग. त्या संग्रहातली पहिलीच कविता दोन कुत्र्यांच्या संवादाची आहे. एक कुत्रा जमीनदाराचा, दुसरा कुळाचा. जमीनदाराच्या कुत्र्याला कोडे पडते की इतक्या हालअपेष्टांत ही गरीब माणसे जगतात तरी कशी, आणि कुळाचा कुत्रा त्याला आपल्या घरातले वर्षारंभाचे चित्र सांगतो. बाहेर गोठवणारा वारा आहे, दार लावून घेतले आहे, मद्याच्या पेल्यावर फेस आला आहे, पेटलेली चिलीम आणि तपकिरीची डबी मोकळ्या मनाने हातोहात फिरते आहे, ‘कँटी’ म्हातारीकोतारी माणसे रंगात येऊन गप्पा छाटताहेत आणि तरणी पोरे घरभर धुडगूस घालताहेत. ते पाहून मला इतका आनंद झाला, असे तो कुत्रा म्हणतो, की मीही त्यांच्यासोबत भुंकलो.

हे चित्र गोड आहे म्हणून मी सांगत नाही. याच कवितेत थोडे आधी खंड थकलेल्या कुळांचा छळ आहे. जमीनदाराचा कारभारी दरडावतो, शिव्या देतो, अटकेची धमकी देतो, जप्ती आणतो, आणि कुळाने हे सारे मान खाली घालून, थरथरत ऐकून घ्यायचे असते. हे बर्न्सने ऐकीव माहितीवरून लिहिलेले नाही. त्याचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर राबले, खंडाच्या वादात खचले आणि फेब्रुवारी १७८४ मध्ये गेले. कवितेतल्या कुळाच्या कुत्र्याला कवीने दिलेले नाव त्याच्या स्वतःच्या कुत्र्याचे आहे, आणि तो कुत्रा वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या रात्री कोणीतरी मारून टाकला होता. अशा घरातून आलेला माणूस जेव्हा कँटी म्हाताऱ्यांचे वर्णन करतो, तेव्हा ती भरल्या पोटाची मौज नसते. पुढच्या हप्त्याचा खंड कुठून भरायचा हे ठाऊक नसतानाही सणाच्या दिवशी दार लावून, एकमेकांच्या जवळ बसून केलेला तो आनंद आहे. आपल्या लेखकाला जे मौन आणि जो गंभीरपणा दिसला, तो याच लोकांचा बाहेरच्या माणसासमोरचा, कारभाऱ्यासमोरचा चेहरा होता, असे मला वाटते. दार लावल्यानंतरचे घर त्यांनी पाहिले नाही, आणि चार दिवसांच्या प्रवासात ते दिसणेही कठीण होते.

त्या ओळीत ‘कँटी’च्या शेजारीच आणखी दोन शब्द आहेत. गप्पांना ‘क्रॅक’ म्हटले आहे आणि त्या कशा चालल्या होत्या हे सांगायला ‘क्रूस’ हा शब्द आहे. क्रूस म्हणजे निर्धास्त, छाती पुढे काढून, रंगात येऊन. आज आयर्लंडच्या पर्यटनाच्या जाहिरातींत मैफलीच्या मजेसाठी ‘क्रॅक’ हा शब्द आयरिश वळणाच्या स्पेलिंगने मिरवला जातो, पण तो तिकडे गेला तो स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडूनच. बर्न्सच्या दुसऱ्या एका कवितेत ‘मौज’ हीच एक तरुणी बनून येते आणि मॉकलिन गावच्या धार्मिक जत्रेला आपण घटकाभर ‘डॅफिन’ करायला निघालो आहोत असे सांगते. डॅफिन म्हणजे निर्मळ थट्टा, बागडणे, खिदळणे. ‘रँट’ म्हणजे दंगामस्ती, आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाचाच्या चालीही आहेत. ‘ग्लेग’ म्हणजे चलाख, चटकन समजणारा. यादी वाढवीत नाही. उल्हासाच्या निरनिराळ्या छटांसाठी या भाषेत शब्दांची वाण नाही एवढेच दाखवायचे होते.

मग जगभर स्कॉटिश माणसाची ख्याती घुमेपणाची का झाली? याचे एक कारण मला शब्दांच्याच देवघेवीत दिसते. प्रमाण इंग्रजीने स्कॉट्सकडून काही शब्द उचलले, आणि त्यांत ठळक आहेत ते पाहा. कठोर, आंबट चेहऱ्याच्या माणसासाठीचा ‘डाउर’ हा शब्द स्कॉट्सचा आहे. तिकडे त्याचा उच्चार ‘डूर’ असा करतात. अंगावर काटा आणणाऱ्या वातावरणासाठीचा ‘इअरी’ आणि अनाकलनीय, भीतिदायक गोष्टीसाठीचा ‘अनकॅनी’ हे दोन्ही तिथलेच. सध्या पर्यटकांच्या तोंडी बसलेला ‘ड्रीख’ म्हणजे कंटाळवाणी, करडी, झिमझिम पावसाची हवा. अपवाद आहेत, उदाहरणार्थ ‘ग्लॅमर’ हा शब्दही स्कॉट्समधूनच आला, पण त्याचा मूळ अर्थ जादूटोणा, नजरबंदी असा होता. थोडक्यात, शेजाऱ्याने यांच्या घरातून काळोख, धुके आणि भुतेखेते तेवढी नेली आणि कँटी, क्रूस, डॅफिन हे शब्द जागीच राहू दिले. नंतर त्याच उसन्या शब्दांनी त्या लोकांचे वर्णन केले गेले, आणि इंग्रजी पुस्तके वाचून स्कॉटलंड समजून घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तेच खरे वाटले.

दुसरे कारण अधिक दुःखाचे आहे, आणि ते म्हणजे या भाषेची तिच्या स्वतःच्याच माणसांना शिकवलेली लाज. सन १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची संसद एक झाली आणि सत्तेचे केंद्र लंडनला गेले. त्यानंतर एडिनबरोच्या सुशिक्षितांना आपल्या बोलण्याची धास्ती वाटू लागली. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्वज्ञाने १७५२ मध्ये, लेखनात टाळावयाच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी छापली. १७६१ मध्ये तर टॉमस शेरिडन या आयरिश नटाने एडिनबरोत येऊन तिथल्या प्रतिष्ठितांना शुद्ध इंग्रजी कसे बोलावे यावर व्याख्याने दिली आणि मंडळींनी ती भक्तिभावाने ऐकली. विद्वानांची ही लाज पुढे शाळेत उतरली. १८७२ च्या कायद्याने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले, ही निःसंशय मोठी गोष्ट होती, पण त्या शाळांची भाषा इंग्रजी होती आणि घरची भाषा ही चूक ठरली. चूक केल्यावर शिक्षा ओघानेच आली. तिथल्या शाळांत ‘टॉझ’ नावाचा जाड चामड्याचा, टोकाशी चिरलेला पट्टा असे, तो तळहातावर मारीत, आणि फाइफ परगण्यातल्या लॉखगेली गावी तो इतका तयार होई की त्या गावाचेच नाव त्या पट्ट्याला पडले. सरकारी शाळांतून तो हद्दपार व्हायला १९८७ साल उजाडावे लागले.

आमच्या केंद्रातले एक आजोबा मला या साऱ्याची आठवण रोज करून देतात. डॉक्टर तपासायला आले की ते ताठ बसतात आणि शब्द जोखून-मापून, शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत उत्तरे देतात. दुखते कुठे हेसुद्धा धड सांगत नाहीत. डॉक्टर दाराबाहेर गेले की ते माझ्याकडे वळतात आणि स्कॉट्समध्ये सारे भडाभडा सांगून टाकतात, वर डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करून शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना हसवतात. लहानपणी वर्गात गुरुजींना ‘येस’ऐवजी ‘आय’ असे उत्तर दिल्याबद्दल त्यांनी पट्टा खाल्ला आहे. तो तळहात त्यांनी मला उघडून दाखवला तेव्हा त्यावर अर्थातच काही खूण नव्हती, पण पट्टा नेमका कुठे बसला होता ते त्यांनी बोट टेकवून दाखवले. डॉक्टरांच्या दप्तरी या गृहस्थांची नोंद मितभाषी अशी आहे. महोदय, आपल्या लेखकाचा आणि डॉक्टरांचा निष्कर्ष एकच आहे आणि तो एकाच कारणाने चुकलेला आहे.

१९४६ च्या प्राथमिक शिक्षणविषयक सरकारी अहवालात तर स्कॉट्स ही सुशिक्षितांची भाषा कुठेच नाही आणि शिक्षणाचे वा संस्कृतीचे माध्यम होण्यास ती योग्य नाही, अशा आशयाचे मत नोंदवलेले आहे. ज्यांनी कोवळ्या वयात हे ऐकले ते आज आमच्याकडे खोल्याखोल्यांतून बसले आहेत. त्यांतले पुष्कळजण अजूनही नवख्या माणसाशी बोलताना आधी आपल्या उच्चाराबद्दल क्षमा मागतात. मला ते पाहवत नाही.

पण जानेवारीत बर्न्सचा जन्मदिवस येतो आणि त्या संध्याकाळी हेच लोक निराळे होतात. हॅगिस नावाचा, मेंढीचे काळीज, फुप्फुस, यकृत आणि ओटचा भरडा यांचा मसालेदार पदार्थ थाटात आणला जातो, त्याला उद्देशून लिहिलेली कविता हातवारे करीत म्हटली जाते, आणि नेमक्या ओळीला सुरी खुपसून तो कापला जातो. त्यानंतर गाणी सुरू होतात. वृद्ध पत्नी आपल्या नवऱ्याला, जॉन अँडरसनला, उद्देशून म्हणते ते गाणे आले की मी हातातले काम ठेवून देते. आपण दोघे मिळून टेकडी चढलो आणि एकमेकांच्या संगतीने कितीतरी ‘कँटी’ दिवस घालवले. आता उतार आहे, डळमळत पण हातात हात घालून उतरू, आणि पायथ्याशी शेजारी शेजारी झोपी जाऊ, असा त्याचा आशय आहे. हे गाणे पूर्वीपासून चावट रूपात लोकांत प्रचलित होते; बर्न्सने त्याचे इतके हळवे रूप केले आणि ते १७९० मध्ये छापले गेले. आमच्याकडच्या एका आजींना जेवण झाले की नाही हेही आता आठवत नाही, पण या गाण्याचा एकही शब्द त्या चुकवत नाहीत, आणि ‘कँटी’ शब्दाला त्यांची मान किंचित डोलते, टाच जमिनीवर ताल धरते. सुखाचे दिवस, मौजेचे दिवस असे भाषांतर करता येईल, पण त्या टाचेचा ताल त्यात येत नाही. त्या शब्दात दिवस चालतेबोलते होते.

आता भाषेच्या मुद्द्याकडे येते. स्कॉट्स ही इंग्रजी बिघडून झालेली नाही. आजच्या उत्तर इंग्लंड आणि आग्नेय स्कॉटलंडवर पसरलेल्या नॉर्थम्ब्रिया या जुन्या राज्याच्या बोलीपासून ती आली आणि इंग्रजी तिची बहीण आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत स्कॉटलंडचे राजदरबार, कायदे आणि काव्य याच भाषेत चालत होते. (वायव्येकडच्या बेटांत आणि डोंगराळ भागात बोलली जाणारी गेलिक ही सर्वस्वी वेगळी, केल्टिक कुळातली भाषा आहे. आपल्या लेखात या दोहोंची एका ठिकाणी गल्लत झाली आहे, तीही कृपया दुरुस्त व्हावी.) या भाषेचा कोश करण्याची हकिकत तर मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. जॉन जेमिसन हा फॉर्फर गावचा एक धर्मोपदेशक. कोपनहेगनहून आलेला ग्रीमुर थोर्केलिन हा आइसलंडचा विद्वान त्याला भेटला आणि म्हणाला की, तुमच्या या मुलखात मी शेकडो असे शब्द ऐकले, जे इंग्रजीत नाहीत पण आमच्या भाषेत आहेत. तोपर्यंत जेमिसनचाही समज हाच होता की आपण बोलतो ती बिघडलेली इंग्रजी. त्याने एक स्वस्तातली वही घेतली आणि कानावर पडणारे शब्द टिपायला सुरुवात केली. त्यातून १८०८ मध्ये स्कॉटिश भाषेचा दोन खंडांचा व्युत्पत्तिकोश बाहेर पडला. पुढे विसाव्या शतकात दोन प्रचंड कोश झाले. अठराव्या शतकापासूनच्या भाषेचा दहा खंडांचा कोश १९३१ ते १९७६ या काळात निघाला. त्याचे बरेचसे ओझे १९४६ पासून डेव्हिड म्युरिसन या संपादकाने वाहिले. त्यापूर्वीच्या जुन्या भाषेचा बारा खंडांचा कोश विल्यम क्रेगी यांनी सुरू केला आणि तो २००२ मध्ये पुरा झाला. मोडक्या उच्चाराचे बावीस खंड होत नाहीत.

आपला या लोकांशी संबंध केवळ पर्यटनाचा नाही, हेही येथे सांगायला हवे. १८२४ मध्ये मुंबईत मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी असा कोश प्रसिद्ध करणारे व्हान्स केनेडी हे लष्करी अधिकारी याच एअरशायरचे. पिनमोर येथे त्यांचा जन्म झाला तेव्हा बर्न्सचा संग्रह छापून यायला दोनेक वर्षांचा अवधी होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती ज्यांच्या घरी आहे, त्यांना तिच्या आरंभी मराठीच्या घडणीवर आणि प्रसारावर एक विस्तृत टिपण आढळेल. ते लिहिणारे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे, ते स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या लॉडर गावचे. या कार्यकर्त्यांचे हेतू राज्यकारभाराचे आणि धर्मप्रसाराचे होते हे मी विसरत नाही. तरीही ज्या मुलखातल्या माणसांनी आपल्या भाषेचे शब्द कान देऊन टिपले, त्या मुलखाच्या भाषेला मराठी वृत्तपत्राने न ऐकता गावठी म्हणावे, याचे मला वाईट वाटते.

खुद्द स्कॉटलंडमध्ये चित्र आता पालटू लागले आहे. २०११ च्या जनगणनेत प्रथमच स्कॉट्सविषयी प्रश्न विचारला गेला आणि पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपण ती बोलतो असे नोंदवले. २०२२ मध्येही बोलणाऱ्यांची संख्या पंधरा लाखांच्या वरच राहिली. ज्यांना ती बोलता, वाचता, लिहिता किंवा निदान समजता येते अशांचे प्रमाण तर ४६ टक्क्यांवर गेले. जून २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने भाषाविषयक कायदा मंजूर करून गेलिकबरोबरच स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा देऊ केला. शाळांतून जानेवारीत स्कॉट्स कवितांच्या पाठांतराच्या स्पर्धा होतात. ज्या शब्दांसाठी आजोबांनी पट्टा खाल्ला, त्याच शब्दांसाठी नातवंडांना बक्षीस मिळते आणि ते दाखवायला ती आजोबांकडे येतात.

‘कँटी’ हा शब्द आज रस्त्यावर, बसमध्ये सर्रास ऐकू येतो असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी, गाण्यांत आणि पुस्तकांत उरला आहे. तरुण मंडळी त्याऐवजी इतर शब्द वापरतात. पण शब्द विरळ झाला म्हणजे वृत्ती गेली असे नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी कोणत्याही गावच्या सभागृहात शनिवारी रात्री होणाऱ्या केलीला, म्हणजे सामूहिक नाचाच्या मेळाव्याला, जाऊन पाहावे. ‘स्ट्रिप द विलो’ नावाच्या नाचात दोन समोरासमोर रांगा असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकांना गरगर फिरवीत त्या रांगांमधून शेवटापर्यंत जाते. त्यात शाळकरी मुलगी आणि तिचे सत्तरीचे शेजारी एकाच रांगेत असतात, पाय चुकले तरी कोणी कोणाला बाहेर काढीत नाही, आणि व्हायोलिन आणि अकॉर्डियनची लय चढली की मधूनच कोणीतरी छातीच्या तळापासून ‘ह्यूख!’ अशी आरोळी ठोकतो. दिवसभर ज्यांच्याकडून ‘बरं आहे’ याखेरीज शब्द निघाला नाही अशा शेतकऱ्यांना मी ती आरोळी ठोकताना ऐकले आहे.

माझी विनंती अशी आहे की, आपण पुढील अंकात या दोन विधानांविषयी एक लहानशी दुरुस्ती छापावी आणि स्कॉट्स ही गेलिकहून भिन्न, इंग्रजीची भगिनीभाषा आहे एवढे वाचकांना स्पष्ट सांगावे. शक्य झाल्यास येत्या २५ जानेवारीच्या सुमारास दोन कुत्र्यांच्या त्या कवितेतला वर्षारंभाचा भाग मूळ स्कॉट्समध्ये, देवनागरी लिपीत, खाली शब्दार्थांसह द्यावा. इंग्रजी रूपांतरावरून मराठी करण्याचा मोह टाळावा, कारण त्या वाटेवर ‘कँटी’सारखे शब्द आधी गळतात. उच्चार आणि अर्थ तपासून देण्याचे काम आमच्या केंद्रातले ते आजोबा आणि मी आनंदाने करू; मी त्यांना विचारले आहे, आणि त्यांनी त्यातल्या अवघड शब्दांची यादी करायला घेतलीदेखील आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एअरशायर, स्कॉटलंड